आमचं हापिस कॉर्पोरेट झालं

घरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे आमच्या हापिसात किस्से साठलेत. मुद्दाम कोणी जमवले नाहीत. टाकवत नाहीत म्हणून राहिले. परवा आम्ही सगळे माझ्या घरी जेवायला बसलो आणि एकातून एक निघत गेले, तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, "लिहून ठेव. नाहीतर दहा वर्षांनी तुम्हीच म्हणाल की असं काही झालंच नव्हतं." म्हणून लिहिते.

आधी माणसं सांगते. आमची कंपनी ठिबक सिंचनाचे पाइप विकते. मूळची अकोल्याच्या एका शेठजींची. गोडाऊन अकोल्याला, हापिस अमरावतीला. मी अमरावतीत कॉम्प्युटरवर बसते. पत्रं, तक्रारी, रजा, सगळं माझ्या हातून जातं. मला सगळे इंगळे मॅडम म्हणतात. बोंडे साहेब आमचे ब्रँच मॅनेजर. त्यांना कोणालाच नाही म्हणता येत नाही, वरच्यालाही नाही आणि खालच्यालाही नाही. तायडे विक्री बघतो. आणि वानखडे भाऊ मेकॅनिक. वय चौपन्न, राहणार अकोला, गाव दर्यापूरकडचं. दोन जिल्ह्यांत कुठंही ठिबक बंद पडलं की मोटरसायकलवर निघणारा माणूस हा एकच.

शेठजींचं वय झालं, मुलगा परदेशात. त्यांनी कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकली. पुण्याच्या पहिल्याच पत्रात होतं की यापुढे दरवर्षी प्रत्येकाला एक ते पाच गुण मिळतील, आणि ज्यांना एक मिळेल त्यांना 'नव्या संधी शोधायला मदत केली जाईल'.

बोंडे साहेबांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"म्हंजे काढतीन," वानखडे भाऊ म्हणाले.

"तसं लिहिलेलं नाही."

"तसं कोनी लिहिते का?"

तेव्हापासून पुण्याहून जे येईल ते आम्ही करत गेलो. पुढचं सगळं त्यातून झालं.

*

पहिली आली हजेरी. मोबाइलवर अॅप उघडायचं, चेहरा दाखवायचा, हजेरी लागते. चेहऱ्याची नोंदणी एकदाच करायची होती. ती निघाली मे महिन्यात.

मे महिन्यात अकोल्यात चेहरा उघडा ठेवून फिरणारा माणूस बाहेरगावचा समजावा. वानखडे भाऊ गोडाऊनच्या दारात उतरले, दुपट्टा बांधलेला, फक्त डोळे दिसतायत, आणि तसाच त्यांनी फोन समोर धरला. अॅप म्हणालं, 'चेहरा स्वीकारला.'

पाऊस लागला. दुपट्टा पेटीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अॅपनं वानखडे भाऊंना ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ते माझ्या खात्यात गैरहजर म्हणून लाल झाले. मी पुण्याला लिहिलं. उत्तर आलं, 'कर्मचाऱ्याने नोंदणीच्या वेळी जसा होता तसा चेहरा ठेवावा.'

तेव्हा सगळा पावसाळा वानखडे भाऊ रेनकोट घालून गोडाऊनच्या छपराखाली उभे राहायचे, ओल्या तोंडावर कोरडा दुपट्टा बांधायचे, हजेरी लावायचे आणि सोडायचे. शेजारच्या गोडाऊनवर नवीन चौकीदार आला होता. त्यानं पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि आतून शटर ओढून घेतलं.

ऑगस्टमध्ये तायडे अकोल्याला गेला होता. गंमत म्हणून त्यानं तो दुपट्टा स्वतः बांधला आणि वानखडे भाऊंचा फोन समोर धरला. अॅप म्हणालं, 'सुप्रभात, वानखडे.'

"आता तुमी गावाले जाऊन या दोन दिवस," तायडे म्हणाला.

वानखडे भाऊ गेले नाहीत. पण त्या दिवसापासून दुपट्टा कुलपात ठेवायला लागले.

*

मग तक्रारींचे फोन पुण्यात रेकॉर्ड व्हायला लागले. महिन्याभरानं अहवाल आला की अकोल्याचा कर्मचारी ग्राहकांशी उद्धट बोलतो. पुरावा म्हणून तीन कॉल जोडलेले. पहिल्यात वानखडे भाऊ फोन उचलून म्हणतात, "बोल. काहून फोन केला?" दुसऱ्यात, "तुले मागच्या साली सांगतलं होतं ना, फिल्टर धूत जाय म्हून? धुतला का? नाई ना? मंग?" तिसऱ्यात नुसतं, "येऊन राहिलो," आणि फोन बंद.

मी तिन्ही कॉल ऐकले. मला त्यात उद्धट काही सापडेना. बोंडे साहेबांनाही सापडलं नाही. तायडे म्हणाला, तिसरा तर प्रेमाचा आहे.

पुण्याच्या एचआरमध्ये ऋतुजा मॅडम होत्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, मनानं सरळ. तिनं चार दुपारी ऑनलाइन बसून वानखडे भाऊंना फोनवर कसं बोलायचं ते शिकवलं. भाऊंनी सगळं वहीत उतरवून घेतलं, पेनानं, शाळेसारखं.

पाचव्या दिवशी मी कागदांसाठी अकोल्याला होते. सकाळी फोन वाजला. दर्यापूरचा गजानन, पंधरा वर्षांपासूनचा ग्राहक. वानखडे भाऊंनी वही उघडली, घसा साफ केला आणि वाचलं, "नमस्कार. आमच्या कंपनीत आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकतो?"

पलीकडून फोन कट.

पुन्हा आला. पुन्हा वाचलं. पुन्हा कट. तिसऱ्यांदा गजाननानं शेवटपर्यंत ऐकलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" इथपर्यंत, आणि काही न बोलता ठेवला.

दुपारी दोनला गजानन स्वतः गोडाऊनच्या दारात उभा. शेअर जीप बदलत आला होता. आत येईना. चप्पल हातात.

"भाऊ, काही चुकलं का माहं?"

"काहून?"

"तुमी मले सकाळपासून 'आपन' म्हनून राहिले."

वानखडे भाऊंनी वहीकडे पाहिलं, गजाननाकडे पाहिलं, वही मिटली.

"बस. फिल्टर धुतला का?"

"नाई."

"मंग?"

गजानन आत येऊन बसला. त्याच्या जीवात जीव आला होता.

*

रोज सकाळी सव्वानऊला पुण्याबरोबर उभ्यानं मिटिंग घ्यायची, असाही एक हुकूम होता. माणसं उभी असली की मिटिंग लवकर संपते म्हणे. मिटिंग पुण्याहून कपूर साहेब घ्यायचे. हे आमचे झोनचे मोठे साहेब, मूळचे उत्तरेकडचे, मराठी येत नाही. बोलायचं काय, तर काल काय केलं, आज काय करणार आणि अडथळा कशाचा आहे. त्यांच्या तक्त्यात अडथळ्याचा वेगळा रकाना होता आणि त्यापुढं 'कोणाकडे अडलंय' हा आणखी एक.

भातकुलीजवळच्या एका पाटलांच्या वावरातलं ठिबक बंद होतं. बिघडलेला वॉल्व्ह गोठ्यामागे, आणि गोठ्यात नुकतीच व्यालेली म्हैस. ती रेडकाच्या दहा हातांत कोणाला येऊ देईना. वानखडे भाऊ दोनदा जाऊन परत आले. तायडेनं तक्त्यात 'कोणाकडे अडलंय' या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, म्हैस.

तिसऱ्या दिवशी कपूर साहेबांनी विचारलं, "ये मिस्टर म्हैस कौन हैं?"

तायडेनं मान खाली घातली. माझ्या तोंडात पाणी होतं, ते मी गिळलं. बोंडे साहेब सावधान उभे राहिले.

"सर, कस्टमर के घर में हैं."

"प्रॉब्लेम क्या है उनका?"

"पास नहीं आने देती, सर."

"अच्छा, मॅडम हैं. तो मॅडम को समझाओ."

"समझाया, सर. सुनती नहीं."

"एस्केलेट करो, बोंडे जी. घर में कोई सीनियर होगा, उनसे बात करो."

बोंडे साहेबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

पाटलांची म्हातारी आई परतवाड्याला लेकीकडे गेली होती. म्हशीचं सगळं तीच करायची. बोंडे साहेबांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ती बसनं आली, लुगड्याचा पदर खोचला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत उभी राहिली. तेवढ्यात वानखडे भाऊ मागून गेले. दहा मिनिटांत वॉल्व्ह बसला.

तक्त्यात तायडेनं लिहिलं, 'सीनियरशी बोललो. काम झालं.' कपूर साहेबांनी हे उदाहरण सगळ्या महाराष्ट्राच्या मिटिंगमध्ये सांगितलं.

दिवाळीला पुण्याहून महत्त्वाच्या ग्राहकांना शुभेच्छापत्रं गेली. एक आमच्या हापिसात येऊन पडलं. छान सोनेरी अक्षरं. श्रीमती म्हैस, मुक्काम भातकुली.

वानखडे भाऊंनी ते स्वतः नेऊन दिलं. पाटलांनी गोठ्यात लावलंय.

*

आग लागली तर काय करायचं याचीही एकदा तालीम झाली. पुण्याहून वेळ आली, मंगळवारी दुपारी चार. भोंगा वाजला की सगळ्यांनी समोरच्या कडुनिंबाखाली जमायचं, डोकी मोजायची, किती वेळ लागला ते कळवायचं.

आमच्या इमारतीत आम्ही, वर एक क्लास आणि खाली दोन दुकानं. भोंगा वाजला. दोन मिनिटांत सगळी इमारत रिकामी. पुण्याहून बोंडे साहेबांना अभिनंदनाचा फोन आला की राज्यात सगळ्यात कमी वेळ तुमचा, हे कसं साधलं ते इतर ब्रँचना सांगाल का?

कडुनिंबाखाली निर्मलाबाईंची वड्यांची गाडी आहे. त्यांचा गिलावडा चारला तयार होतो. परत वर यायला सव्वा तास लागला, पण तो कोणी विचारला नाही.

*

नोव्हेंबरात प्रत्येकानं स्वतःबद्दल फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' तायडेनं त्यावर दोन परिच्छेद लिहिले. वानखडे भाऊंनी एक शब्द लिहिला, 'घरी.'

दोन दिवसांनी त्यांच्या नावापुढे कॉम्प्युटरवर लाल खूण आली. 'कर्मचारी कंपनी सोडण्याची दाट शक्यता.' ऋतुजा मॅडमनी तातडीनं व्हिडिओ कॉल लावला. भाऊ त्या दिवशी अमरावतीत होते. मी शेजारी बसले.

"वानखडे काका, तुम्ही आमच्यासाठी फार महत्त्वाचे आहात. तुम्हाला थांबवण्यासाठी आम्ही काय करू शकतो?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "म्या कुठं जाऊन राहिलो?"

"तुम्ही लिहिलंय ना, पाच वर्षांनी घरी."

"हो. अठ्ठावन्नले तुमीच पाठवता ना घरी. नियम हाय तुमचा."

ऋतुजा मॅडमनी काहीतरी उघडून पाहिलं. "हो," ती म्हणाली, "आहे तसा." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हाला जायचंय का?"

वानखडे भाऊंनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला.

"बत्तीस साल झाले मॅडम नोकरीले. हे कोनी विचारलं नव्हतं अजून." मग म्हणाले, "नाई. जायचं नाई."

त्या मुलीचे डोळे भरून आले होते, ते स्क्रीनवरही दिसलं. पण फॉर्ममध्ये दोनच पर्याय होते, 'थांबण्यास तयार' आणि 'थांबण्यास तयार नाही.' तिनं पहिल्यावर खूण केली. लाल खूण हिरवी झाली.

आठवड्यानं भाऊंना छापील पत्र आलं. 'आपण आमच्यासोबत राहण्याचा निर्णय घेतल्याबद्दल आभारी आहोत.' खाली सही, आणि सहीखाली निवृत्तीची तारीख.

*

निर्मलाबाईंचं आता सविस्तर सांगायला पाहिजे.

पुण्याचा नियम होता की दर महिन्याला एक सर्वोत्तम कर्मचारी निवडायचा. प्रमाणपत्र आणि टोपी मिळायची. आमच्यात निवडण्यासारखे तिघं. पहिल्या महिन्यात मी झाले, दुसऱ्यात तायडे, तिसऱ्यात वानखडे भाऊ. चौथ्या महिन्यात कळलं की वर्षभरात एका माणसाला दुसऱ्यांदा देता येत नाही. रकाना रिकामाही ठेवता येत नाही. बोंडे साहेब एक दिवस अस्वस्थ फिरले आणि मग त्यांनी निर्मलाबाईंचं नाव भरलं. पुण्यानं काही विचारलं नाही. नाव यादीत नव्हतं म्हणून सिस्टिमनं तिथल्या तिथं त्यांना कर्मचारी क्रमांक दिला.

टोपी त्यांनी मुलाला दिली. प्रमाणपत्र गाडीवर लावलं, तेलाच्या डब्याच्या वर.

खरं सांगायचं तर निर्मलाबाई त्या मानाला काही अगदीच कमी नव्हत्या. अकरा वर्षं आमच्या गप्पा ऐकून त्यांना ठिबकमधलं बरंच कळत होतं. हापिसाला कुलूप असलं की शेतकरी गाडीशी थांबायचे. निर्मलाबाई वडे तळता तळता विचारायच्या, "पानी शेवटच्या ओळीले पोचत नाई का? मंग नळीत माती अडकली असन. टोक उघडून पानी सोडा एकदा." निम्मे लोक तिथूनच परत जायचे.

मार्चमध्ये गुण द्यायची वेळ आली. बोंडे साहेबांना पुण्याहून यादी आली आणि सूचना आली. प्रत्येक ब्रँचमध्ये किमान एकाला एक गुण द्यावाच लागेल.

साहेब दोन दिवस नीट जेवले नाहीत. डबा उघडायचे आणि बंद करायचे. आम्हा तिघांपैकी कोणाशी डोळा मिळवेनात. आम्हीही आपसात बोलेनासे झालो. तायडेचं घराचं काम चालू होतं. माझी मुलगी बारावीला. वानखडे भाऊ मला म्हणाले, "साहेबाले सांगा, माहं नाव लिहा म्हना. माहे तर तसेबी चारच सालं राहिले." मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी यादी पुन्हा उघडली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. नावं चार होती.

ते खाली उतरले. मी खिडकीतून पाहत होते. गाडीशी उभे राहून त्यांनी सगळं समजावून सांगितलं, हात जोडल्यासारखे. निर्मलाबाईंनी नंतर मला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे मले नापास करता?"

"हो."

"आनि हे तिघं?"

"पास."

"मंग करा की," त्या म्हणाल्या आणि पुढचा वडा तेलात सोडला.

नियमाप्रमाणे ऋतुजा मॅडमनी त्यांना फोन केला. फार हळुवार बोलल्या. पुढं काय करायचा विचार आहे, विचारलं. निर्मलाबाई म्हणाल्या, "सांजच्याले गाडीवर पातोडीबी ठेवाव म्हनते."

कंपनीच्या पुढच्या मासिकात एक छोटी बातमी होती. अमरावतीच्या एका माजी सहकारी महिलेनं धैर्यानं स्वतःचा खाद्यव्यवसाय उभारला, आम्हाला तिचा अभिमान वाटतो. तीही गाडीवर लावलेली आहे.

*

ही शेवटची गोष्ट या जानेवारीतली.

सकाळी दहाला वानखडे भाऊंचा फोन आला. त्यांची मोठी माय गेली होती. म्हणजे थोरली चुलती. भाऊंची आई ते दोन वर्षांचे असताना वारली. तेव्हापासून या चुलतीनं त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, त्यांचं लग्न लावलं. दर शनिवारी भाऊ गावी जायचे ते तिच्यासाठी.

"रजा टाका मॅडम. म्या निघून राहिलो."

मी अॅप उघडलं. मुलीच्या लग्नात त्यांच्या बाकीच्या रजा संपल्या होत्या. उरली ती जवळच्या नात्यातल्या मृत्यूची. त्यात नातं निवडायचं होतं. आई, वडील, पती किंवा पत्नी, अपत्य. चुलती नव्हती.

ऋतुजा मॅडमना फोन केला. ती खूप वेळ काहीतरी शोधत होती. "मला इतकं वाईट वाटतंय मॅडम," ती म्हणाली, "पण सिस्टिम घेतच नाहीये."

मी भाऊंना पुन्हा फोन लावला. गाडीचा आवाज येत होता. "भाऊ, मी आई लिहून टाकू का?"

"लिहिलं असतं," म्हणाले, "पन सिस्टिममध्ये माही माय पहिलेच मेली हाय. भरतीच्या फॉर्मात तसं लिहून देल्लं होतं म्या."

बोंडे साहेब आपल्या टेबलावरून हे ऐकत होते. ते उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"वानखडेच्या नावावर आज ग्राहक-भेट टाका."

"कुठली?"

"त्यांच्या गावची." मग म्हणाले, "माझीही टाका. तायडेचीही. तुमचीही."

"साहेब, मला भेटीचा अधिकार नाही."

"मी देतो."

आणि बावीस वर्षांत सहाच्या आत ज्यांनी कधी शटर ओढलं नव्हतं, त्या माणसानं साडेदहाला शटर ओढलं. त्यांच्याच गाडीनं आम्ही निघालो. भातकुली गेलं, दर्यापूर गेलं, पुढे काळ्या वावरांमधून अरुंद रस्ता.

गाव भाऊंसाठीच थांबलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वानखडे भाऊ अंगणात बसले होते. आम्हाला तिघांना पाहून उठायला लागले, साहेबांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी खाली मातीत बसले. भाऊ म्हणाले, "तुमी कायले आले एवढ्या दूर." एवढंच. मग बराच वेळ ते साहेबांच्या खांद्याला डोकं टेकून होते.

निघताना तायडेनं फोन काढला. भेटीचा निकाल जागेवरूनच भरावा लागतो, नाहीतर पुण्याच्या नकाशावर ठिपका येत नाही आणि भेट धरत नाहीत. पर्याय तीन होते. विक्री झाली, ग्राहक विचार करत आहे, ग्राहक उपलब्ध नाही. तायडेचं बोट तिन्हींवरून फिरत राहिलं. साहेबांनी त्याच्या हातून फोन घेतला, चष्मा लावला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मिटिंगमध्ये कपूर साहेब म्हणाले, "बोंडे जी, कल मैंने मॅप देखा. आप की पूरी ब्रँच एक ही गाँव में थी."

"जी सर."

"बड़ा कस्टमर है?"

"जी सर. बहुत बड़ी थीं."

"मुलाक़ात हुई?"

"नहीं सर. हम पहुँचे तब तक निकल गई थीं."

"अच्छा. फॉलो-अप कब है?"

बोंडे साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ओठ हलवत दिवस मोजले. त्यांना खोटं बोलायची सवय नाही.

"तेरहवें दिन, सर."

पलीकडे कपूर साहेबांच्या कीबोर्डचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं लाइन गेली. तायडेनं फोनजवळ कान नेला.

"बोंडे जी," कपूर साहेब म्हणाले, "फॉलो-अप में भी सब लोग जाना. मुझे मॅप पे चार डॉट दिखने चाहिए."